छोट्या बंदुकीचा सामना

ज्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते, त्या वर्षी आमच्या घरात दोनच विषय होते. नानांना कुठल्या राज्यात पाठवतात हा एक, आणि कपाटातल्या बंदुकीचं काय करायचं हा दुसरा.

नाना म्हणजे माझे वडील. ते महसूल खात्यात होते. निजामाच्या काळात नोकरीला लागले, पोलीस अ‍ॅक्शननंतरही त्याच खुर्चीवर राहिले, आणि आता तेलुगू, मराठी, कानडी मुलूख वेगवेगळे होणार म्हणून मराठी अधिकाऱ्यांना मुंबई राज्यात घेणार असं ऐकू येत होतं. आमचं घर चिक्कडपल्लीला. माझा जन्म तिथलाच. आईचं माहेर औरंगाबादचं, त्यामुळे तिला या बातम्यांचा आनंद होत होता, पण तो ती उघड दाखवत नव्हती.

बंदूक नानांच्या तरुणपणातली. आदिलाबादकडे जंगलात दौऱ्यावर असताना विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनिअरकडून त्यांनी ती रीतसर लायसनवर घेतली होती. दिसायला रायफलीसारखीच, पण आखूड आणि हलकी. तिला रायफलीचं लांब काडतूस लागत नसे, रिव्हॉल्व्हरचं बुटकं काडतूसच चाले. त्या इंजिनिअरकडे रिव्हॉल्व्हरही होतं, आणि दोन्हींना एकच काडतूस पुरतं म्हणून त्यानं ही घेतली होती. अशा बंदुकीला कार्बाईन म्हणतात. आमच्या घरात तिला ‘छोटी’ म्हणत. चापाखाली एक लोखंडी कडी होती. ती खाली ओढून वर घेतली की जुनं काडतूस बाहेर पडे आणि नवं आत जाई. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी सगळ्यांबरोबर नानांनीही ती ठाण्यात जमा केली होती. दोनेक वर्षांनी परत मिळाली, आणि तेव्हापासून कपाटात कांबळ्यात गुंडाळून पडली होती.

दुसऱ्या राज्यात न्यायची तर लायसन बदलून घ्यावं लागणार. नाना म्हणत, विकून टाकू. आई म्हणे, विका नाहीतर विहिरीत टाका, माझ्या सामानात ती नको.

मला मात्र ती हवी होती. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन गौलीगुड्याच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. कॉलेजात एन.सी.सी.त असताना मला नेमबाजीचा नाद लागला होता. दर रविवारी सकाळी मी नेमबाजी क्लबच्या शहराबाहेरच्या चांदमारीवर जात असे. उघडं माळरान, मागे मोठाल्या खडकांची टेकडी, तिच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध, आणि त्या बांधासमोर लाकडी चौकटीत लावलेले कागदी निशाण. क्लबची बारीक नळीची रायफल मी तिथं चालवायची. बायका आम्ही दोघीच. मी, आणि अंबरपेठेची माझी एक तेलुगू मैत्रीण. ती कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर बसायची आणि माझ्यापेक्षा चांगलं मारायची.

शिकवायला मेजरसाहेब होते. निजामाच्या फौजेतले. फौज मोडली तेव्हा घरी बसले. त्यांचे दोघे भाऊ कराचीला गेले, हे गेले नाहीत. उंच, सडपातळ, कपडे जुने पण कडक इस्त्रीचे. आवाज कधी चढवत नसत. बोलणं दखनी, आणि आम्हां दोघींना ‘बेटी’ म्हणत. पहिला महिनाभर त्यांनी आम्हांला काडतुसाला हात लावू दिला नव्हता. रिकामी बंदूक उचलायची, उघडायची, आत बोट घालून चेंबर रिकामं आहे ना ते चाचपायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायची. त्यानंही पुन्हा उघडून चाचपायचं, जरी आत्ताच समोर पाहिलेलं असलं तरी. मैत्रीण एकदा माझ्या हातात बंदूक देताना म्हणाली, मी आत्ताच बघितलं की. मेजरसाहेब म्हणाले, “तू बघितलं ना बेटी, तिनं नाही बघितलं.”

त्या पावसाळ्याच्या शेवटी क्लबानं जाहीर केलं की राज्य मोडायच्या आधी एक शेवटचा सामना घ्यायचा. रायफल आणि पिस्तूल या नेहमीच्या सामन्यांबरोबर या वेळी एक नवा सामना होता, पिस्तुलाची काडतुसं चालणाऱ्या छोट्या बंदुकांचा. शहरातल्या जुन्या घरांत अशा बंदुका बऱ्याच होत्या, आणि राज्य बदललं की त्या कुठे कुठे जातील सांगता येत नव्हतं. मी त्याच संध्याकाळी नानांना विचारलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, “मेजरसाहेब हो म्हणाले तर घे. मी येईन बरोबर. लायसन माझं आहे.”

पुढच्या रविवारी आम्ही सायकलरिक्षातून छोटीला घेऊन गेलो. मेजरसाहेबांनी कांबळं सोडलं, कडी खाली ओढली, आणि बराच वेळ नळीत डोकावून पाहत राहिले. नळी चांगली होती. नानांनी ठेवताना तेल भरपूर लावलं होतं. मग त्यांनी मला ती खांद्याला लावायला सांगितली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा लाकडी भाग, माझ्या हाताला लांब पडत होता. चापापर्यंत बोट पोचवायला मान पुढे ताणावी लागत होती, आणि मान ताणली की डोळा निशाणाच्या रेषेत राहत नव्हता.

मेजरसाहेब नानांना म्हणाले, दस्ता कापावा लागेल. मला वाटलं नाना नकार देतील. त्यांनी छोटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, पुन्हा जोडता येईल का? येईल, म्हणाले मेजरसाहेब, चांगला सुतार असेल तर.

गौलीगुड्याला शाळेजवळच एक सुतार होता, तबले आणि हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करणारा. नुसता दस्ता काढून मी त्याच्याकडे नेला. बंदूक घरीच ठेवली. त्यानं मागचा दोन बोटं जाडीचा तुकडा कापला आणि तो वाया न घालवता त्याला आतून दोन लांब स्क्रू बसवून दिले. तुकडा लावला की दस्ता नानांच्या मापाचा, काढला की माझ्या. टोकाला त्यानं सायकलच्या टायरचं रबर चिकटवलं. आई म्हणाली, बापलेकीनं मिळून एक बंदूक नेसायला घेतली आहे.

मग छोटी निशाणाला लावण्याचं काम. वाळूच्या पिशव्यांवर नळी टेकवून, शांतपणे, एकेक गोळी मारायची. गोळ्या एका जागी पडत होत्या, पण ती जागा मधल्या काळ्या वर्तुळाच्या डावीकडे होती. नळीच्या टोकावर जो छोटा उभा दाणा असतो त्याला माशी म्हणतात. ती एका खाचेत बसवलेली असते आणि हलक्या हातोडीनं इकडेतिकडे सरकवता येते. मी मेजरसाहेबांना म्हटलं, गोळी डावीकडे जाते तर माशी उजवीकडे सरकवू. त्यांनी फक्त पेन्सिल माझ्या हातात दिली. मी निशाणाच्या कागदाच्या पाठीवर आकृती काढली, डोळा, मागची खाच, माशी, वर्तुळ, आणि काढता काढताच माझ्या लक्षात आलं की उलट आहे. माशी जिकडे गोळी जाते तिकडेच सरकवायची, म्हणजे नळी आपोआप दुसरीकडे वळते. पुढच्या आठवड्यात हीच आकृती मी नववीच्या मुलींना फळ्यावर काढून दाखवली. बंदुकीचं नाव घेतलं नाही, आरशाचं उदाहरण दिलं.

मेजरसाहेबांनी पितळेच्या बारीक सळईनं माशी हळूच ठोकली, थोडी, मग आणखी थोडी. दोन रविवार त्यातच गेले. शेवटी गोळ्या वर्तुळात पडू लागल्या, तेव्हा त्यांनी माशीच्या आणि नळीच्या सांध्यावर सुईनं एक बारीक रेघ ओढली, म्हणजे पुढे ती हलली तर कळेल.

उभं राहून मारायला शिकणं त्याहून अवघड. छोटीतून रिकामं काडतूस वरच्या बाजूनं उडतं. एकदा ते तापलेलं पितळ माझ्या पोलक्याच्या गळ्यातून आत गेलं. जीव कळवळला. पण नळी समोरच ठेवली, कडी खाली ओढली, बंदूक मेजावर ठेवली, आणि मग उड्या मारल्या. मैत्रीण हसून हसून खाली बसली. मेजरसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, आता तू सामन्यात उतरायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी मी जुन्या साडीच्या काठाचा गळाबंद पट्टा शिवून घेतला. आठवडाभर गळ्यावरचा चट्टा शाळेतल्या मुलींपासून लपवावा लागला.

कानात आम्ही कापसाचे बोळे घालत असू. तरी आवाज दणकत असे. मी एकदा तक्रार केली तेव्हा मेजरसाहेबांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. “आवाज कान से नक्को सुन, बेटी. कंधे से सुन.” म्हणजे प्रत्येक बार खांद्याला कसा धक्का देतो तो ओळखीचा करून घे. धक्का बदलला की काहीतरी चुकलंय, तिथं थांब. पुढची गोळी मारू नको, मग सामना गेला तरी चालेल.

काडतुसांचा प्रश्न होता. आबिद रोडवरच्या बंदुकांच्या दुकानातून लायसनवर थोडीच नवी काडतुसं मिळाली. त्यांतली बरीचशी सरावात संपली. नानांकडे आदिलाबादच्या काळातला एक पत्र्याचा डबा होता, मेण लावून बंद केलेला. तो डबाही बंदुकीबरोबर ठाण्याच्या कोठडीत राहून आला होता. मेजरसाहेबांनी डबा उघडून दोनचार काडतुसं हातात फिरवली, कानाशी हलवली, आणि म्हणाले, ठेवून द्या, वापरू नका. नाना हो म्हणाले. पण वापरायची नाहीत ती टाकून द्यायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. डबा त्यांच्या पिशवीतच राहिला.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात यादी आली. नाना मुंबई राज्यात, नेमणूक औरंगाबादला. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि भांडी मोजायला घेतली. मी काय करणार हे कुणी विचारलं नाही. मीही येणार हे धरूनच चाललं होतं. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारलं, राजीनामा कधी देणार? मी सांगते म्हटलं.

सामन्याच्या दिवशी चांदमारीवर कनात लावली होती. काही जहागीरदार, काही वकील, पोलीस खात्यातले काही अधिकारी, आणि बरेच नुसते बघे. बांधावर लाल झेंडा चढवला होता. झेंडा वर असेपर्यंत कुणीही ओळीच्या पुढे जायचं नाही. छोट्या बंदुकांच्या सामन्यात तीन टप्पे होते. आधी उभं राहून, मग गुडघ्यावर, मग पुन्हा उभं राहून पण दोन शिट्ट्यांच्या मध्ये, भराभर. दोन तुकड्या होत्या, पहिलीत पुरुष, दुसरीत उरलेले पुरुष आणि आम्ही दोघी.

पहिल्या तुकडीत एक माणूस कमी पडला. मेजरसाहेब नानांना म्हणाले, आप आ जाइए साहब, बंदूक तर तुमचीच आहे. नाना संकोचले. मग त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, दस्त्याचा तुकडा स्वतः स्क्रू फिरवून लावला आणि ओळीत जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे, खडूच्या रेघेबाहेर. नाना इतक्या वर्षांनी बंदूक धरत होते, पण धरली छान. आदिलाबादला ते कसे दिसत असतील ते मला त्या दिवशी दिसलं.

पहिल्याच टप्प्यात एक प्रकार घडला. नानांच्या शेजारचे एक जाडजूड जहागीरदार, सगळ्यांत जास्त नाव असलेले, गोळ्या संपल्यावर आपले किती गुण झाले ते विचारायला बंदुकीसकट मागे वळले. नळी आम्हां सगळ्यांवरून फिरली. मेजरसाहेबांनी पुढे होऊन एका हातानं नळी बांधाकडे वळवली, कडी उघडायला लावली, चेंबर पाहिलं. रिकामं होतं. तरी ते इतकंच म्हणाले, “शुक्रिया नवाबसाहेब, आपका मुकाबला खत्म.” जहागीरदार मेजरसाहेबांच्या ओळखीचे होते, रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाणारे. ते बंदूक मेजावर ठेवून कनातीत जाऊन बसले.

नानांचे पहिले दोन टप्पे बरे गेले. तिसऱ्या टप्प्याला पहिली शिट्टी झाली आणि सगळी ओळ भराभर मारू लागली. धडाधड आवाज, धूर, उडणारं पितळ. नानांची पहिली गोळी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या खांद्याकडेच पाहत होते. तो हलला नाही. आवाज झाला तो नुसता फुस्स, कुणी डबीचं झाकण उघडावं तसा. आजूबाजूच्या गडबडीत तो कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. नानांच्या कानांत कापूस, त्यात ते एका कानानं कमी ऐकायचे. त्यांनी कडी खाली ओढली, रिकामं पितळ उडालं, कडी वर घेतली. नवं काडतूस आत गेलं.

काडतुसात दारू नसली किंवा ओल लागली असली, तर नुसती बुडाची टोपी फुटते तेवढ्या जोरावर गोळी निघते खरी, पण नळीत मध्येच अडकते. तिच्यामागून दुसरी गोळी मारली की नळी फुटते, आणि फुटते ती मारणाऱ्याच्या तोंडाजवळ. हे मला माहीत होतं. मेजरसाहेबांनी एक अशी फाटलेली नळी क्लबच्या कपाटात ठेवली होती, आणि पहिल्या महिन्यातच ती आमच्या हातात दिली होती.

मी ओरडले, “नाना, थांबा! बोट बाहेर!”

घरात नानांशी कुणी असं बोलत नसे. आईसुद्धा नाही. ते थांबले. मान वळली नाही, नळी वळली नाही. बोट चापावरून निघून सरळ झालं. तेवढ्यात मेजरसाहेबांची लांब शिट्टी झाली, सगळी ओळ थांबली, सगळ्यांनी बंदुका उघडून मेजांवर ठेवल्या. नाना तसेच उभे होते, छोटी बांधाकडे रोखलेली.

मेजरसाहेब त्यांच्याजवळ गेले, हळू बोलत, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं. मागे ताणलेला घोडा एका हातानं धरायला लावला, कडी हळूच उघडायला लावली. आत गेलेलं काडतूस बाहेर काढलं. बाकीचीही काढली. मग छोटी पिशव्यांवर ठेवून त्यांनी नळीच्या तोंडातून पितळेची सळई आत घातली. ती अर्ध्यावर जाऊन थांबली.

मेजरसाहेबांनी बाहेर पडलेलं काडतूस उचलून पाहिलं. त्याचं पितळ हिरवट होतं. पत्र्याच्या डब्यातलं. नानांनी माझी नवी काडतुसं माझ्यासाठी राहावीत म्हणून शेवटच्या टप्प्याला जुनी भरली होती. मला आधी राग आला, मग मी नानांचा कोट मांडीवर घेऊन खाली जमिनीवरच बसले. मैत्रिणीनं सुरईतलं पाणी आणून दिलं.

मेजरसाहेबांनी लाकडी हातोडीनं सळई ठोकून गोळी मागच्या बाजूनं बाहेर काढली. नळीत उजेड धरून पाहिलं, बाहेरून बोटं फिरवली, कुठे फुगली तर नाही. मग छोटीला पिशव्यांत घट्ट दाबून, चापाला सुतळी बांधून, सगळ्यांना लांब मागे करून, माझ्या नव्या काडतुसांतली दोन त्यांनी दुरून ओढून मारली. दोन्ही नीट गेली. परत येऊन ते मला म्हणाले, बंदूक ठीक आहे. उतरायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर कुणी काही म्हणणार नाही.

मी नानांकडे पाहिलं. ते कनातीच्या खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले आणि दस्त्याचा तुकडा काढू लागले. त्यांना स्क्रूची खाच सापडत नव्हती. दुसरा स्क्रू मी काढला.

मी उतरले. पहिला टप्पा फारच वाईट गेला. प्रत्येक बारानंतर मी क्षणभर थांबून खांद्याला विचारत होते, आणि उशीर होत होता. गुडघ्यावरचा टप्पा बरा गेला. शेवटच्या टप्प्याला दुसरी शिट्टी व्हायच्या आत माझ्या सगळ्या गोळ्या सुटल्याच नाहीत. उरलेली काडतुसं काढून मेजावर ठेवली, चेंबर चाचपलं, हात वर केला. माझा नंबर चौथा आला. मैत्रीण दुसरी आली आणि तिला एक चांदीचा पेला मिळाला, ज्यावर अजून जुन्याच राज्याचं नाव कोरलेलं होतं. पहिले आले ते एक पोलीस अधिकारी.

निघताना नाना मेजरसाहेबांना म्हणाले, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मेजरसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. उरलेला डबा ते मागून घेणार होते, पण नानांनी तो आधीच मेजावर ठेवला होता. मग नाना म्हणाले, बंदूकही इथंच राहू द्या, क्लबच्या नावावर करून घ्या, मी कागद करून देतो. औरंगाबादला मला तिचं काही काम नाही. मेजरसाहेबांनी विचारलं, एवढ्या लांब जाणार तर वाईट वाटत नाही? नाना म्हणाले, वाटतं. मेजरसाहेब म्हणाले, “माझं एक राज्य आधीच गेलं होतं, साहेब. दुसऱ्यांदा थोडं कमी दुखतं.”

परतताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. नारायणगुड्याचा चढ आला तशी रिक्षावाला उतरून ओढू लागला, म्हणून आम्हीही उतरून चालू लागलो. नाना एकदम म्हणाले, “तुला यायचंय का औरंगाबादला?”

असा प्रश्न त्यांनी मला आजवर कधी विचारला नव्हता. कॉलेज कुठलं, विषय कुठला, नोकरी करायची की नाही, हे सगळं त्यांनी प्रेमानंच पण न विचारता ठरवलं होतं. मी म्हटलं, “नाही. मला शाळा सोडायची नाही.”

चढ संपला, आम्ही पुन्हा बसलो. मग त्यांनी विचारलं, राहशील कुठे? मी म्हटलं, मावशीकडे. माझी मावशी गौलीगुड्याला राहायची. तिचे यजमान इथल्या कोर्टात वकिली करत होते आणि ते कुठं जाणार नव्हते. नाना म्हणाले, आईला मी सांगतो.

आईला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं माझे कपडे वेगळ्या ट्रंकेत भरायला घेतले. तिचं म्हणणं एवढंच की लग्नाचं तिकडूनच बघू, आणि तेव्हा तू कुरकुर करायची नाहीस. मी हौ म्हटलं. ‘हौ’ काय, ‘हो’ म्हण, तिकडे हसतील, ती म्हणाली. मी म्हटलं, मी कुठे तिकडे चाललेय. त्यावर ती हसली, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

छोटीचे कागद व्हायला महिना लागला. ती क्लबच्या कपाटात गेली. पुढे कॉलेजच्या काही मुली रविवारी यायला लागल्या, तेव्हा मेजरसाहेबांनी पहिला महिना शिकवायचं काम माझ्याकडे आणि मैत्रिणीकडे दिलं. कापलेल्या दस्त्याचा आखूडपणा त्या सगळ्यांना सोयीचा होता. काही मुली दुसऱ्या आठवड्यातच कंटाळून गेल्या, काही राहिल्या. काडतूस कधी मिळणार, हा प्रश्न मात्र प्रत्येकीचा असे.

नाना आणि आई काचीगुड्याहून गेले. मनमाडची गाडी सकाळची होती. स्टेशनवर त्या आठवड्यात रोजच कुणी ना कुणी मराठी बिऱ्हाड निघत असे, ट्रंका, होल्डॉल, तुळशीची कुंडी. आईनं डब्याच्या खिडकीतून मला लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवल्यात ते पुन्हा सांगितलं, आणि मावशीला म्हणाली, हिला सकाळी लवकर उठवत जा. नाना खाली उतरून माझ्याजवळ उभे राहिले. गार्डानं शिट्टी दिली तरी ते चढले नाहीत. मग मीच म्हटलं, नाना, चढा आता. ते चढले आणि दारातच उभे राहिले.

गाडी गेल्यावर मावशी आणि मी चालतच गौलीगुड्याला निघालो. वाटेत तिनं अंबाडीची भाजी घेतली आणि भाजीवालीशी तेलुगूत हुज्जत घातली. घरी पोचलो तेव्हा शाळेची वेळ होत आली होती. मी डबा भरून घेतला आणि तशीच गेले. पहिला तास नववीचा होता.